घुबडांची पंगत

एकदा एका मठाने घुबडांना घर बांधून दिले आणि साऱ्या गावाला बोलायला विषय मिळाला.

कारण साधेच होते. मठाचे अन्नछत्र होते. अन्नछत्र म्हटले की कोठार आले, आणि कोठार म्हटले की उंदीर आमंत्रणाची वाट पाहत नाहीत. त्या वर्षी सुगी चांगली झाली. गावोगावचे लोक पोत्यांनी धान्य घेऊन आले आणि माणसांच्या आधी उंदरांची पंगत उठू लागली. मांजरे पाळून पाहिली. ती मठाच्या दुधावर लठ्ठ झाली आणि उंदरांकडे वडिलकीच्या नात्याने पाहू लागली. तेव्हा मठाच्या वृद्ध गुरुजींनी एक लाकडी पेटी करवून घेतली आणि कोठाराच्या आढ्याखाली भिंतीत बसवली. पेटीचे तोंड म्हणजे एक गोल भोक. ते बाहेर शेतांकडे होते. मागच्या अंगाला, कोठाराच्या आतून, एक लहान झडप होती. शिडीवर चढून झडप उघडली की पेटीच्या आतले सारे दिसे.

महिन्याभरात गव्हाणी घुबडांच्या एका जोडीने ती पेटी आपलीशी केली. बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचे हे घुबड माणसांच्या आसऱ्याने राहते आणि अंधार पडला की उंदरांमागे निघते. कोठारातली खुडबुड कमी झाली. पण अन्नछत्राला निम्मे धान्य पुरवणारा एक व्यापारी होता, त्याचे पित्त खवळले.

"गुरुजी, अन्नाच्या डोक्यावर घुबड?" तो म्हणाला. "जिथं घुबड राहतं तिथली वस्ती ओस पडते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ती पेटी काढा. नाहीतर माझ्या गाड्यांना दुसरा मठ काही परका नाही."

गुरुजींच्या हातातली जपमाळ थांबली. ते एखाद्याचे बोलणे मन लावून ऐकू लागले की माळेच्या लाकडी मण्यांचा टकटक आवाज थांबे. साऱ्या मठाला ही खूण ठाऊक होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शेटजी, पेटीत अंडी आहेत. होळीपौर्णिमेला या. तुम्हाला उत्तर मिळेल." आणि माळ पुन्हा सुरू झाली.

त्या मठात एक शिष्य होता. लहानपणी आला होता, आता तिशी उलटली होती. गुरुजी थकत चालले होते आणि त्यांच्यामागे मठ यानेच सांभाळायचा, हे सगळे धरून चालले होते, हा सोडून. याच्याइतका कष्टाळू, मायाळू माणूस शोधून सापडला नसता. पण साधी गोष्ट विचारली तरी उत्तर ठरलेले: "गुरुजींना विचारून सांगतो." कढीत मीठ किती, पाहुण्याला घोंगडी कुठली, विहिरीचा दोर बदलायचा की नाही, सगळे गुरुजींना विचारून. मठात पोपट असता तर तोही एव्हाना तेवढेच वाक्य शिकला असता.

एका बाबतीत मात्र त्याला कुणाला विचारावे लागत नसे. ती म्हणजे वाढणे. या मठाची एक रीत होती. इतरत्र पंगत वरच्या टोकापासून वाढतात. तिथे मानाची माणसे बसतात. इथे शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात होई, कारण गरीब, लाजरा, उशिरा आलेला माणूस नेहमी टोकाला बसतो आणि तिथवर येईतो भांड्यात फक्त तळ उरतो. शिष्याने ही रीत अशी अंगी बाणवली होती की उपाशी चेहरा दिसला की त्याचा हात आपोआप भांड्याकडे जाई.

अंड्यांतून चार पिल्ले निघाली. घुबड अंडी एका दिवशी घालत नाही, मध्ये दिवस सोडून घालते. त्यामुळे पिल्लेही मागेपुढे जन्मतात. थोरले चांगले गुबगुबीत झाले तेव्हा धाकटे अजून ओल्या कापसाच्या बोळ्याएवढेच होते. पिल्लांची रोजची खबर ठेवायचे काम गुरुजींनी शिष्याला दिले होते. तो दिवेलागणीला शिडीवर चढून झडप किलकिली करी. भोकात सावली आली, की पिल्ले माना डोलवत फुस्स, फुस्स असा आवाज काढत. नवख्याला वाटावे, पेटीत नाग शिरला. घुबड उंदीर टाकून जाई आणि तो बहुतेक थोरल्यांच्या वाट्याला जाई. धाकटे कोपऱ्यात राही.

शिष्याला ती पेटी दिसेनाशी झाली आणि पंगत दिसू लागली. शेवटचे पान रिकामे आहे, आणि वाढपी ढुंकूनही पाहत नाही!

स्वयंपाकघरातल्या सापळ्यात रोज एखाद-दुसरा उंदीर सापडे. शिष्याने तो चिमट्यात धरला, झडप उघडली आणि धाकट्यापुढे नेला. क्षणभर पिल्लू बिचकले, मग त्याने तो ओढून घेतला. शिष्याला त्या दिवशी जेवणाआधीच तृप्तीची ढेकर आली. पुढे हा नेमच झाला. आचारी रोज चिमट्याच्या नावाने शंख करी आणि शिष्य रोज नवा चिमटा पैदा करी. धाकटे भराभर वाढले. झडपेची कडी वाजली की ते तुरुतुरु मागे येई आणि चोच वर करी. इतके ओळखू लागले होते ते त्याला! त्याने गुरुजींना मात्र हे सांगितले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट न विचारता केली होती, आणि तिचे फळ दाखवूनच कौतुक घ्यावे असे त्याच्या मनात होते.

होळी चार दिवसांवर आली तेव्हा तो गुरुजींना म्हणाला, "आज आपण वर चढून बघाच. धाकटं कसं टुणटुणीत झालंय!"

गुरुजी काठी खाली ठेवून एकेक पायरी चढले. शिष्याने खालून शिडी धरली होती. सूर्य नुकताच मावळला होता. गुरुजींनी झडप उघडली. वर फुसफुस झाली, पंखांची सावली आली आणि गेली. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी झडप लावली, खाली उतरले, आणि कौतुकाच्या आशेने उभ्या असलेल्या शिष्याला म्हणाले, "हातोडा आण. आणि चार खिळे."

त्याला वाटले, कडी सैल झाली असेल. त्याने आणून दिले. गुरुजी पुन्हा वर चढले आणि त्यांनी झडपेवर आडवी फळी ठोकून टाकली. बोटभर फट तेवढी उरली. उतरल्यावर म्हणाले, "रोज बघत जा. फटीतून दिसेल." आणि काठी टेकत निघून गेले.

शिष्य हातोडा हातात घेऊन तसाच उभा राहिला. हे काय केले गुरुजींनी? ज्यांनी शेवटच्या पानाचा धडा दिला, त्यांनीच शेवटच्या पानाच्या तोंडावर फळी ठोकली?

दुसऱ्या दिवशी तो शिडीवर चढला. चिमट्यात उंदीर होताच. सवय सुटत नाही. त्याने फटीला डोळा लावला. फटीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, धाकट्याचा पांढरा चेहरा होता. ते थेट त्याच्याकडे पाहत होते. चोचीने फळी टोचत होते. मागे भोकात घुबड आले, तिघांनी गलका केला, उंदीर पडला, संपला. धाकट्याने मान वळवूनसुद्धा पाहिले नाही. शिष्याने चिमटा फटीतून घालून पाहिला. जाईना. त्याने खिळा नखांनी उचकटायचा प्रयत्न केला आणि बोटातून रक्त आले. अंधार दाट झाला तेव्हा तो खाली उतरला, आणि तो उंदीर कुठे टाकावा हेही त्याला कळेना.

तिसऱ्या दिवशी धाकट्याची टोचणी मंदावली होती. ते फळीला अंग टेकून बसले होते. तोंड मात्र झडपेकडेच. शिष्याचा संयम सुटला. तो तडक गुरुजींच्या खोलीत गेला.

"गुरुजी, ते मरेल!"

माळ थांबली.

"तुम्हीच शिकवलंत ना, शेवटच्या पानापासून वाढावं? मग हे काय? कुणी उपाशी मेलं तर अन्नछत्राची पाटी कशाला हवी दारावर? आज मी पंगत वाढणार नाही. मला तोंड दाखवायला जागा नाही."

इतक्या वर्षांत तो गुरुजींशी असे बोलला नव्हता. स्वतःच्याच आवाजाने तो दचकला. उत्तराची वाट न पाहता शिष्य डोळे पुसत बाहेर पडला. दारात आचारी झाकलेले ताट घेऊन उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही त्यांच्यावर रागावता, पण कालपासून त्यांचंही पान जसंच्या तसं परत येतंय. तिकडे पिल्लू उपाशी, इकडे हे. मी काय भिंतींना वाढू?"

शिष्याला ते ऐकून आणखीच कोडे पडले. दुःख होत होते तर फळी ठोकली कशाला?

चौथ्या दिवशी त्याने विचार सोडून दिला. सुतारकामाच्या पेटीतून पटाशी काढली, उपरण्याखाली लपवली, आणि दिवेलागणीला कोठार गाठले. गुरू रागावले तर रागावोत, मठातून घालवोत. एक जीव डोळ्यांदेखत जाऊ द्यायचा, हे ज्ञान त्याला नको होते. तो शिडी चढला. फळीच्या कडेखाली पटाशी घातली. जोर लावणार, तोच बाहेरचा उजेड क्षणभर झाकला गेला. घुबड भोकात येऊन बसले होते.

त्याने सवयीने फटीला डोळा लावला. तिन्ही पिल्ले माना डोलवत फुसफुसू लागली होती. आणि धाकटे? ते कसेबसे उठले होते. पाय लटपटत होते. पण ते उठले होते ते याच्या पायांच्या आवाजाने, शिडी करकरली म्हणून. त्याची पाठ आईकडे होती आणि चोच फटीकडे. चोच उघडत होती, पण आवाज नव्हता. हाक मारायची त्याला गरजच पडली नव्हती कधी. कडी वाजायची आणि अन्न यायचे.

पटाशीवरचा त्याचा हात थांबला.

त्याला वाटले, गुरुजींनी झडप बंद केली. पण झडपेत मी अजून उभाच आहे. रोज येतो, श्वास टाकतो, डोळा लावतो. मी इथे आहे तोवर हे तिकडे तोंड कशाला वळवेल?

फळी उचकटायला एक क्षण पुरला असता. उंदीर सोबत होता. आज वाचले असते ते, नक्की वाचले असते. आणि उलट, तो खाली उतरला आणि पिल्लू वळलेच नाही, तर? मग ती शेवटची वेळ त्याने स्वतःच्या हाताने दवडलेली असती. आयुष्यात कधी नव्हे इतके त्याला वाटले, की आता धावत जावे आणि गुरुजींना विचारावे. पण घुबड भोकात होते. विचारायला वेळ नव्हता.

त्याने पटाशी काढून घेतली. खांद्यावरचे उपरणे काढले, त्याचा बोळा केला, आणि ज्या फटीतून ते दोन काळे डोळे त्याच्याकडे लागले होते, ती बुजवून टाकली. मग पायरीचा आवाज होणार नाही अशा बेताने तो खाली उतरला आणि पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला. आता त्याला काही दिसत नव्हते. फक्त ऐकू येत होते.

तीन आवाज. इतक्या दिवसांत तो ते ओळखू लागला होता. थोरल्याचा जाड, मधल्याचा घाईचा, तिसऱ्याचा जरा घोगरा. फुस्स, फुस्स. मग एक उंदीर पडल्याचा धप्प आवाज आणि पंखांची नुसती हवा. घुबड गेले. धाकटे गप्पच. बाहेरचा उजेड आणखी उतरला. पुन्हा पंख, पुन्हा तीन आवाज. शिष्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले होते. चुकून हाक जाईल अशी त्याला भीती वाटत होती.

आणि मग त्या तीन आवाजांच्या खाली चौथा एक आवाज आला. बारीक, तुटका, भात्याला भोक पडल्यासारखा. एकदा. मग पुन्हा, जरा मोठा. मग न थांबता.

नवल तर पुढेच होते. तो चौथा आवाज सुरू झाला तसा थोरल्याचा जाड आवाज खाली आला आणि थांबला. मग मधल्याचा. मग घोगरा. पेटीत तो एकच तुटका आवाज उरला. धप्प झाले, आणि तोही थांबला.

शिष्य ढसाढसा रडला. किती वेळ गेला कोण जाणे. शेजारी काठी टेकल्याचा आवाज झाला. गुरुजी अंधारात, दुसऱ्या थप्पीपाशी बसले होते. केव्हापासून, ते त्याने विचारले नाही. त्यांनी चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऐकलंस?" गुरुजी म्हणाले. "त्यांच्याकडेही तुझ्या-माझ्यासारखीच रीत आहे. अन्न येण्याआधी ती आपसात बोलून घेतात. ज्याची भूक मोठी, त्याचा आवाज टिकतो. तो ऐकला की पोट भरलेली मागे सरतात. त्यांचीही पंगत शेवटच्या पानापासूनच वाढली जाते रे. पण शेवटच्या पानानं 'मी आहे' एवढं म्हणावं लागतं. तू त्याला अन्न दिलंस, आणि तेवढं म्हणायची गरज काढून घेतलीस. पंगतीतला पाहुणा उद्या आपल्या गावी जातो, त्याला वाढावं, पोटभर वाढावं. पण ज्याला त्याच घरात जगायचंय, त्याचं तोंड आपल्या दाराकडे वळवू नये. आपलं दार मागचं. त्याचं आकाश पुढच्या भोकातून आहे."

शिष्याने वर पेटीकडे पाहिले. मग त्याने विचारले, "आणि ते वळलंच नसतं तर?"

"मला ठाऊक नव्हतं," गुरुजी म्हणाले. "ठाऊक असतं तर जेवलो नसतो का?"

दोघे कोठाराबाहेर आले. पूर्वेला चंद्र बराच वर आला होता, एका रात्रीपुरता अपुरा. तो पाहून शिष्याला एकदम आठवले. "गुरुजी, उद्या पौर्णिमा! शेटजी येतील. त्यांना काय सांगायचं? पेटी काढली तर पिल्लं गेली. ठेवली तर निम्मं धान्य गेलं. मी काय सांगू त्यांना?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले. मग ते काठी टेकत आपल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला आणि आतून कडी.

ते दार कधी बंद नसे. शिष्य त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. हाक मारायला त्याने हात उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. दाराला बोटभर फट होती. तो तिच्याकडे तोंड करून, चोच उघडून उभा होता.

त्याला हसू आले, आणि पाठोपाठ भीती वाटली. मग तो वळला.

सकाळी व्यापारी आला. मागे धान्याने लादलेल्या गाड्या होत्या. गाडीवान बैल न सोडताच थांबले. व्यापारी नेहमीप्रमाणे थेट गुरुजींच्या खोलीकडे निघाला आणि बंद दार पाहून अडखळला. ओसरीवर शिष्य उभा होता.

"गुरुजी कुठायत?"

"आहेत. बसा शेटजी. उत्तर मी देणार आहे." त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की त्याला तो स्वतःचा वाटेना. त्याने घसा खाकरला. "पेटी राहील. आत चार पिल्लं आहेत, त्यांतलं एक कालच बोलायला शिकलंय. यंदाच्या सुगीची तुमची पोती कोठारात आहेत, ती बघा. खालची, पेटीआधीची, उंदरांनी फोडलेली, आणि पेटी बसवल्यानंतरची धड. तरीही अपशकुन वाटत असेल, तर गाड्या वळवा. पंगत लहान होईल. शेवटचं पान तरीही रिकामं राहणार नाही, ते मी माझ्या वाट्यातून वाढीन. पण पेटी राहील."

व्यापारी थक्क होऊन त्याच्याकडे पाहत राहिला. गेली कित्येक वर्षे हा माणूस त्याच्याशी एकच वाक्य बोलत आला होता. त्याने बंद दाराकडे एकदा पाहिले, पुन्हा शिष्याकडे पाहिले.

"हे गुरुजींना विचारलंत?"

"नाही," शिष्य म्हणाला.

इतका वेळ आतून मण्यांचा आवाज येत नाही, हे शिष्याच्या आत्ता लक्षात आले. कोठाराच्या बाजूने, दिवसाउजेडी, एक तुटकी फुसफुस ऐकू आली. व्यापाऱ्याने मान वर करून तिकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग गाडीवानांकडे वळून त्याने हात हलवला. "सोडा बैल. माल उतरवा. आणि ती खालची पोती मला दाखवा आधी."

पहिले पोते ओसरीवर टेकले, आणि बंद दाराआड माळ पुन्हा सुरू झाली.